अस्थी आणि वस्त्रे : राष्ट्रपुरुषांच्या अंत्यस्मृतींवर हक्क कोणाचा?

राष्ट्रनेत्याचा अंत्यविधी उरकल्यानंतर त्याची रक्षा, मृत्युसमयी अंगावर असलेली वस्त्रे, मृत्युस्थळीची माती आणि शोकप्रसंगी निघालेली तिकिटे-तसबिरी यांचे काय करावे, याविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात आणि ती दोन्ही अपुरी आहेत. पहिले मत विवेकवादी म्हणवणाऱ्यांचे आहे. रक्षा आणि रक्ताळलेले कापड हे जड द्रव्य असून त्याला जपणे म्हणजे नव्या वेषातील मूर्तिपूजा होय, असे ते मानतात. दुसरे मत बाजाराचे आहे. ज्याच्या ताब्यात वस्तू आहे तो तिचा मालक आणि जो अधिक मोल देईल तोच तिची अधिक काळजी घेईल, असे त्याचे म्हणणे. या दोन्ही मतांचे खंडन करून एक भेद येथे मांडावयाचा आहे. देहाचे अवशेष दिवंगताच्या धर्माला आणि इच्छेला अनुसरून मार्गी लावावेत, तर त्याच्या वापरातील आणि अंत्यप्रसंगाची साक्ष असलेल्या वस्तू लोकांच्या सामाईक ठेव्यात राहाव्यात.

विवेकवादी पूर्वपक्षाची बाजू दुबळी नाही, म्हणून ती आधी पूर्ण मांडली पाहिजे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींची हत्या झाली, तेव्हा देशभरच्या लोकांना अंत्यदर्शन घेता यावे म्हणून देह रसायने भरून काही काळ टिकवावा, अशी सूचना लॉर्ड माउंटबॅटन यांनी केली होती. गांधीजींची तशी सक्त मनाई आहे, असे त्यांचे सचिव प्यारेलाल यांनी सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी यमुनाकाठी राजघाटावर दहन झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात राजकारणातील भक्ती ही अधःपाताची आणि अखेर हुकूमशाहीची वाट असल्याचा स्पष्ट इशारा दिला. ज्यांनी स्वतःच व्यक्तिपूजेला विरोध केला त्यांचेच अवशेष पूजावेत काय, हा प्रश्न म्हणून रास्त आहे. त्या प्रश्नातून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र रास्त नाही.

निष्कर्ष चुकतो तो पूजा आणि जतन यांना एकच मानल्यामुळे. ३१ जानेवारीच्या त्या दिवशी शस्त्रे वाहून नेणाऱ्या लष्करी गाडीवर देह ठेवून ती गाडी जवानांनी दोरांनी ओढत राजघाटाकडे नेली, रस्त्याच्या दुतर्फा आणि झाडाझाडांवर माणसे दाटली होती, आणि पुत्र रामदास गांधींनी चितेला अग्नी दिला. गांधीजी जेथे कोसळले त्या हिरवळीवरची माती लोक मुठीमुठीने घेऊन जात होते, असे त्या काळचे वृत्तान्त सांगतात. माती नेणारा माणूस तिच्यापासून काही चमत्कार मागत होता, असे मानण्याला आधार नाही. घडलेल्या गोष्टीशी आपला काही संबंध आहे, हे त्याला हातात धरून पाहावयाचे होते. त्या भावनेला अंधश्रद्धा म्हणणे म्हणजे दुःख आणि देवस्की यांतला फरक न ओळखणे होय.

हा फरक भारतीय परंपरेने फार पूर्वी ओळखला होता. बौद्ध परंपरा अवशेषांचे तीन प्रकार मानते: देहाचे अवशेष ते शारीरिक, वापरातील वस्तू त्या पारिभोगिक आणि स्मरणासाठी घडवलेल्या मूर्ती-प्रतीके ती उद्देशिक. महापरिनिब्बान सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या अखेरच्या दिवसांच्या पाली वृत्तान्तात, कुसिनाऱ्यातील दहनानंतर अस्थींवरून राजे आणि गणराज्ये भांडणाच्या तयारीने जमली असता द्रोण ब्राह्मणाने त्यांचे आठ भाग केले. ज्या कुंभाने ते मोजले तो कुंभ त्याने स्वतःसाठी मागून घेतला आणि उशिरा पोहोचलेल्या पिप्फलिवनाच्या मोरियांनी चितेतील निखारे नेले. अशा रीतीने आठ स्तूप अस्थींवर, एक कुंभावर आणि एक निखाऱ्यांवर उभा राहिला, असे तो वृत्तान्त सांगतो. येथे ध्यानात घेण्याजोगे हे की रिकामा कुंभ आणि विझलेले कोळसे यांनाही अंत्यविधीचे साक्षीदार म्हणून मान मिळाला, परंतु ते अस्थींबरोबर एका राशीत घातले गेले नाहीत. बाबासाहेबांनी आपल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या अखेरच्या ग्रंथात चमत्कार आणि कर्मकांडे कसोशीने गाळली, पण अस्थींवरून झालेला हा वाद आणि त्यांचे वाटप त्यांनी गाळले नाही. त्यांच्या नावाने अवशेषांच्या जतनाला नाके मुरडणाऱ्यांनी याचा विचार करावा.

महाराष्ट्रात याचा मूर्त पुरावा आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वसईजवळच्या सोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा आतल्या दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा करंडक मिळाला. सोन्याच्या त्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राच्या तेरा लहान खापऱ्या होत्या. कवडीमोल मातीच्या भांड्याचे तुकडे पाच करंडकांत जपून ठेवणाऱ्यांना त्या मातीची किंमत कळत नव्हती असे नव्हे. ज्याने ते पात्र हातात धरून भिक्षा मागितली असे ते मानत होते, त्याच्या जगण्याची साधी रीत त्यांना पुढच्या पिढ्यांना दाखवावयाची होती. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे आणि तो कोणाही एका कुटुंबाचा नाही.

यावर पूर्वपक्ष म्हणेल की बुद्धाची गोष्ट वेगळी, गांधीजींची वेगळी. परंतु गांधीजींचे स्वतःचे आचरण काय सांगते? गांधीजी स्थानबद्ध असताना पुण्याच्या आगाखान महालात १५ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांचे निधन झाले. त्या काळात महादेवभाईंच्या समाधीवर फुले वाहण्यासाठी गांधीजी नियमाने जात असत. कस्तुरबांच्या देहावर पांघरलेली साडी गांधीजींनी स्वतः काढलेल्या सुताची होती आणि दहनानंतर त्यांच्या हातातील काचेच्या पाचही बांगड्या न तडकता राखेत सापडल्याची नोंद आहे. ज्याने पत्नीच्या अखेरच्या वस्त्रासाठी स्वहस्ते सूत काढले, तो वस्तूतील स्मृतीला तुच्छ लेखत होता, असे कोणत्या तर्काने म्हणावे? त्यांचा विरोध देहाच्या प्रदर्शनाला होता, स्मरणाला नव्हता.

येथे अस्थींचा प्रश्न वेगळा काढला पाहिजे. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी, मृत्यूनंतरच्या तेराव्या दिवशी, तिसऱ्या वर्गाचे डबे जोडलेल्या खास गाडीने प्रयागला नेलेल्या अस्थी त्रिवेणी संगमात विसर्जित झाल्या. देशातील इतर नद्यांमध्येही, नाशिकच्या गोदावरीत सुद्धा, त्यांचे अंश सोडण्यात आले. एवढ्या वाटणीत काही कलश मागे राहिले. एक ओडिशातील कटक येथे बँकेच्या तिजोरीत चार दशकांहून अधिक काळ पडून होता आणि न्यायालयाच्या आदेशानंतर ३० जानेवारी १९९७ रोजी पणतू तुषार गांधी यांनी तो प्रयागला विसर्जित केला. पुण्यातील एका प्रकाशक-पत्रकाराने पाठवलेला एक अंश परमहंस योगानंदांच्या लॉस एंजेलिसजवळच्या आश्रमात १९५० पासून दगडी पेटीत आहे. दुबईहून मुंबईच्या मणिभवन या गांधी संग्रहालयात आलेला कलश तर तेथेच ठेवावा की विसर्जित करावा, असा प्रश्न उभा राहिला. अखेर वंशजांची इच्छा मान्य झाली आणि ३० जानेवारी २००८ रोजी गांधीजींची पणती नीलमबेन परीख यांनी गिरगाव चौपाटीजवळ अरबी समुद्रात त्याचे विसर्जन केले. हा निर्णय योग्यच होता. ज्या माणसाने आपला देह दर्शनासाठी ठेवण्यास मनाई केली, त्याच्या अस्थी काचेआड मांडणे हा त्याच्या शब्दाचा भंग झाला असता. संग्रहालयाची तळमळ कितीही प्रामाणिक असली तरी देहाच्या अवशेषांवर तिचा अधिकार चालत नाही.

या नियमाची दुसरी बाजू दादरच्या चैत्यभूमीवर दिसते आणि तेथे तो उलट फळ देतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारलेल्या बाबासाहेबांचे ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकाठी बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्याच स्मशानभूमीत दादासाहेब गायकवाड यांच्या विनंतीवरून भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या प्रचंड जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. शोकाच्या क्षणी लाखो माणसांनी केवळ अश्रू न ढाळता एक निश्चय केला, ही अंत्यविधीच्या इतिहासातील असाधारण घटना आहे. पुढे बाबासाहेबांचे पुत्र भैय्यासाहेब आंबेडकर यांच्या प्रयत्नांतून तेथे स्तूप उभा राहिला, ५ डिसेंबर १९७१ रोजी स्नुषा मीराताई आंबेडकरांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि बाबासाहेबांच्या अस्थी तेथे ठेवण्यात आल्या. बौद्ध रीतीत अस्थींचे स्थान स्तूप हेच असल्यामुळे येथे जतन हाच दिवंगताच्या धर्माचा आदर ठरतो. दर वर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने मांडली जातात आणि खेड्यापाड्यांतून आलेली माणसे बाबासाहेबांच्या तसबिरीबरोबर त्यांच्या ग्रंथांचे खंड खांद्यावरच्या पिशवीत घालून परत जातात. भक्तीचा आरोप करणाऱ्यांनी त्या पिशव्यांत काय असते हे पाहावे. ज्या स्मरणस्थळावरून लोक ग्रंथ घेऊन घरी जातात तेथे विचार हरवला असे म्हणणे धडधडीत अन्याय आहे. बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र आणि नित्याच्या वापरातील इतर वस्तू नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात आहेत. अस्थी स्तूपात आणि पारिभोगिक वस्तू संग्रहालयात, हा भेद तेथे कोणी सिद्धान्त न मांडताही पाळला गेला आहे.

पारिभोगिक वस्तूंच्या जतनाचे सर्वांत भक्कम कारण मात्र भावनिक नाही, ते पुराव्याचे आहे. हत्येच्या वेळी गांधीजींच्या अंगावर असलेली रक्ताळलेली वस्त्रे आणि तीन गोळ्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात आहे; मदुराईच्या गांधी स्मारक संग्रहालयात रक्ताचे डाग असलेले एक वस्त्र आहे. खादीच्या त्या कापडावरचे तपकिरी डाग पाहणाऱ्याला हत्या हा वादविवादाचा विषय नसून एका वृद्ध माणसाच्या छातीत-पोटात झाडलेल्या गोळ्या होत्या, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर कळते. खुन्याचे उदात्तीकरण करणारी भाषा मोकाट होत जाते तेव्हा या कापडाचे मोल वाढते. छायाचित्रे आणि चित्रफिती आहेतच, मग वस्तू कशाला, असे विचारणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही: चित्राची प्रत बदलता येते, कापडाच्या धाग्याची तपासणी करता येते.

आता बाजाराच्या मताकडे वळावे. मार्च २००९ मध्ये गांधीजींचा चष्मा, चपला, खिशातील घड्याळ, वाडगा आणि थाळी न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाली. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाईचा आदेश देऊनही लिलाव झाला आणि विजय मल्ल्या यांनी १८ लाख डॉलरला त्या वस्तू घेतल्या. एप्रिल २०१२ मध्ये इंग्लंडमधील लिलावात हत्येच्या जागेची म्हणून चिमूटभर माती आणि गवताची पाती सुमारे १०,००० पौंडांना विकली गेली. बाजार वस्तू जपतो, हा दावा येथे उघडा पडतो, कारण अशा अवशेषाचा जीव त्याच्या मागील हस्तांतराच्या अखंड नोंदीत असतो. कोणी, कधी, कोणाच्या देखत उचलले आणि नंतर कोणाकोणाकडे राहिले, हे न कळल्यास माती ही केवळ माती उरते. लिलावाला ही नोंद किंमत वाढवण्यापुरतीच हवी असते आणि विक्रीनंतर वस्तू खाजगी कपाटात गेली की संशोधकाला तिची पडताळणीही करता येत नाही. अशा वातावरणात बनावट वस्तूंना उत्तेजन मिळते, हे निराळे सांगावयास नको.

उद्देशिक वस्तूंच्या बाबतीतही बाजाराने मूळ हेतू उलटा केला आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली गांधीजींची चार तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली आणि त्यांवर ‘बापू’ ही अक्षरे नागरी आणि उर्दू लिपींत होती. त्यांतले दीड आण्याचे तिकीट सामान्य माणसाच्या हाती पडणारे, पत्रावर चिकटून खेडोपाडी पोहोचणारे असे शोकचिन्ह होते. त्याच मालिकेतील, गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाच्या वापरापुरता शिक्का असलेल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. सर्वांसाठी निघालेल्या शोकचिन्हाचे मोल त्याच्या दुर्मीळपणावर ठरू लागले की ते चिन्ह संपते आणि उरते ती गुंतवणूक.

तथापि केवळ बाजाराला दोष देऊन भागणार नाही, कारण कायद्यानेच त्याला मोकळे रान दिले आहे. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा जुन्या वस्तूंची नोंदणी आणि निर्यात यांचे नियमन करणारा कायदा आहे. तो वस्तूला शंभर वर्षे आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाल्यावरच पुरावशेष मानतो. अर्थात १९४८ मधील वस्त्र, पात्र किंवा पेटी या व्याख्येत २०४८ पर्यंत येत नाही. १९५६ मधील वस्तूंना २०५६ पर्यंत थांबावे लागेल. या मधल्या काळातच, साक्षीदार आणि त्यांची मुले हयात असताना, वस्तूंचे धागेदोरे जुळवता येतात आणि नेमका तोच काळ कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहतो. सरकारने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे २०२५ मध्ये दिसले. १८९८ मध्ये पिप्राहवा येथील स्तूपात सापडलेल्या आणि उत्खनन करणाऱ्याच्या वारसांकडे राहिलेल्या रत्नांचा हाँगकाँगमधील लिलाव भारताच्या नोटिशीमुळे थांबला आणि ती रत्ने जुलैमध्ये मायदेशी आली. परंतु प्रत्येक वेळी लिलावाची जाहिरात वाचून धावाधाव करणे हे धोरण होऊ शकत नाही.

राष्ट्रीय नेत्यांच्या अंत्यप्रसंगाशी निगडित वस्तूंना शंभर वर्षांच्या अटीतून वगळणारी दुरुस्ती संसदेने केली पाहिजे आणि त्यांची सार्वजनिक सूची तयार झाली पाहिजे. घराघरांतून अशा वस्तू आजही आहेत. कोणाच्या आजोबांनी राजघाटावरून आणलेले फूल असेल, कोणाच्या आजीने दादरहून आणलेली बाबासाहेबांची तसबीर असेल. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर ती वस्तू कोणी, कोठून, कोणत्या दिवशी आणली हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे, त्याखाली त्यांची सही घ्यावी आणि वस्तू जवळच्या सार्वजनिक संग्रहालयाकडे त्या कागदासह सुपूर्द करावी.