पाल्याची कीर्ती आणि जुनाट हिपॅटायटिस

काविळीवर पाला देणारे घर कुठले, हे कणकवलीच्या आसपास बहुतेक गावांत विचारावे लागत नाही. पावसात भुईआवळी तर अंगणातच उगवते. या औषधांना येणारा गुण लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे, त्यामुळे त्यांच्या श्रद्धेला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण हा गुण कोणत्या काविळीत दिसला? दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ए किंवा ई बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरतो आणि त्या काळात पोटात गेलेल्या औषधाला श्रेय मिळते. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तावाटे शिरतात, वर्षानुवर्षे मुक्काम करतात आणि डोळे पिवळे न होताही यकृत निबर करत नेतात. पहिल्या आजारात कमावलेली पत दुसऱ्यात चालत नाही.

भुईआवळीची रीतसर परीक्षाही झाली आहे. मद्रासच्या संशोधकांनी 1988 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की ती घेतलेल्या 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून हिपॅटायटिस बीची खूण नाहीशी झाली. जगभर आशा जागली, पण पुढच्या चाचण्यांत हे यश टिकले नाही. 'यकृताचे टॉनिक' म्हणून खपणाऱ्या सिलिमरिनचेही तेच झाले. अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या 154 रुग्णांवर नेहमीपेक्षा तिप्पट-पाचपट मात्रा वापरूनही बनावट गोळीहून अधिक फायदा दिसला नाही. हा निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाला.

'गुण नसेल, पण अपाय तरी काय?' असे विचारले जाते. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल घेतली गेली, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांना 2020 मध्ये यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे देशातल्या 13 केंद्रांतून अशा 43 रुग्णांची नोंद झाली. शिवाय वनस्पती नेमकी कोणती हेच ठरत नसेल, तर बाटली विकत घेणाऱ्याने ते कसे ओळखावे? आधीच विषाणूने पोखरलेल्या यकृताला असा धोका परवडणारा नाही. पूरक गोळ्यांबाबतही हीच सावधगिरी हवी: तपासणीत कमतरता दिसली तर जीवनसत्त्व जरूर घ्यावे. लोहाची गोळी मात्र 'ताकदीसाठी' म्हणून मनाने सुरू करू नये.

विषाणूवरच्या औषधांच्या खर्चाची सबबही आता उरलेली नाही. 28 जुलै 2018 पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात बी आणि सीची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. हिपॅटायटिस सी साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. बीच्या गोळ्या विषाणू दाबून ठेवतात, सहसा मुळासकट काढत नाहीत. कंटाळून पाल्याकडे वळणारे बहुधा इथेच वळतात. पण बीच्या गोळ्या अचानक बंद केल्यास आजार जिवावर बेतेल असा उसळू शकतो. म्हणून पाला, काढा, चूर्ण जे काही घेत असाल, ते पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्यांना विचारल्याशिवाय चालू गोळी एक दिवसही बंद करू नका.