गावची वाळू, शहराची जकात

येरळा नदी खटावातून उतरते आणि सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते. १९८० च्या दशकात तिच्या पात्रातल्या वाळूचे लिलाव होत. ठेकेदार ट्रक भरून वाळू नेत, रॉयल्टी सरकारी तिजोरीत जाई आणि काठावरच्या विहिरी आटत. पाणी धरून ठेवणारी वाळूच उपसल्यावर दुसरं काय होणार?

खानापूर तालुक्यातल्या बलवडीने आणि शेजारच्या तांदुळवाडीने तेव्हा मागणी केली, की थोडी वाळू आम्हालाच विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधतो. मुंबईतल्या १९८२ च्या संपामुळे गावी परतलेले गिरणी कामगार, भारत पाटणकरांची मुक्ती संघर्ष चळवळ आणि अभियंते के. आर. दाते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बरंच भांडल्यावर परवानगी मिळाली. श्रमदान, वर्गणी आणि वाळूविक्रीतून बळीराजा धरण उभं राहिलं. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा, हे लोकांनी आधीच ठरवलं होतं.

वित्तीय विकेंद्रीकरण म्हणतात ते हेच. उत्पन्नाचं साधन हाती आलं, तेव्हा गावाने ते उधळलं नाही, पाण्यात गुंतवलं. कारण विहीर गावकऱ्यांची होती आणि हिशेब विचारणारा शेजारीही त्यांचाच होता.

सांगली शहराची गोष्ट उलट आहे. हळदीच्या या पेठेत माल आला की नाक्यावर जकात पडे. तिचा जाच होता, ट्रकांच्या रांगा लागत, चिरीमिरी चाले. पण बाजार वाढला की पालिकेची तिजोरीही वाढे. पुढे जकात गेली, एलबीटी हा स्थानिक संस्था कर आला आणि व्यापाऱ्यांच्या आंदोलनांनंतर तोही गेला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. बुडालेल्या करापोटी महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते आणि ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. शहरात उलाढाल दुप्पट झाली तरी वाढ तेवढीच, बाजार ओस पडला तरी तेवढीच. मग हद्दीतल्या कुपवाडच्या उद्योजकाला चांगला रस्ता देण्याची निकड महापालिकेला कुठून वाटणार?

याउलट महाबळेश्वर, पाचगणीला प्रवासी कर घेता येतो. पर्यटक वाढले की नगरपालिकेचं उत्पन्न वाढतं, म्हणून गाव नीट ठेवण्यात तिचा थेट स्वार्थ आहे. चीनने १९८० च्या दशकात प्रांतांना वाढीव महसुलाचा मोठा वाटा ठेवू दिला, तेव्हा तिथल्या स्थानिक सरकारांनी गावोगावी कारखाने उभे केले, त्यामागेही हाच स्वार्थ होता.

आपल्या ग्रामपंचायतीकडे मात्र घरपट्टी, पाणीपट्टी आणि वरून येणारा निधी असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीतही ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती, ४० टक्के अबंधित. शिवाय निधीसाठी निवडून आलेली संस्था हवी, ही अट होती. मार्च २०२२ मध्ये सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत संपली, तरी पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडेच राहिला. सदस्यच नसतील तर खर्चाचा जाब कोण कोणाला विचारणार?

जत, आटपाडी, माण हे तालुके केवळ स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहू शकणार नाहीत, हेही खरं. ताकारी, टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा सिंचन योजना गावाच्या आवाक्यातल्या नाहीत, तिथे राज्यालाच हात द्यावा लागतो. दुबळ्या भागाला जादा मदत मिळालीच पाहिजे. पण मदत आणि हक्क यांत फरक आहे. मदतीसाठी मुंबईला खेटे घालावे लागतात, हक्काच्या पैशावर गावाला बेत आखता येतो.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. वाळूसारख्या गौण खनिजाच्या रॉयल्टीतला ठरावीक वाटा थेट त्या ग्रामपंचायतीच्या खात्यावर जमा व्हावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. महापालिकेच्या जीएसटी भरपाईचा काही भाग शहराच्या प्रत्यक्ष उलाढालीशी जोडला जावा. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १९६१ मध्ये जिल्हा परिषदांचा कायदा केला, तेव्हा सत्ता जिल्ह्यात आणि गावात आली. आता पैसाही तिथवर यायला हवा.