निष्ठा की नाइलाज?

इंग्लिश फुटबॉलमध्ये निष्ठेचा दाखला द्यायचा झाला की टॉम फिनी यांचे नाव हमखास पुढे येते. प्रेस्टन नॉर्थ एंड हा एकच क्लब, लीगचे ४३३ सामने, १८७ गोल. इंग्लंडकडून ७६ सामने आणि ३० गोल. उजव्या बगलेवर खेळोत वा डाव्या, बचावपटूंची त्यांच्यापुढे सारखीच त्रेधा उडे. पण या निष्ठेमागे एक करार होता. तो वाचल्याशिवाय फिनी यांना न्याय मिळत नाही.

१९५२ साली इटलीतल्या पालेर्मो क्लबने त्यांना करार करतानाच १० हजार पौंड, महिन्याला १३० पौंड, शिवाय बंगला आणि मोटार देऊ केली. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती: आठवड्याला १४ पौंड. फिनी हा प्रस्ताव घेऊन क्लबचे अध्यक्ष नॅट बक यांच्याकडे गेले. बक यांनी साफ नकार दिला. तो त्यांना देता आला, कारण करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच मुठीत राहत असे. क्लबने सोडले नाही, तर खेळाडूने जायचे कुठे?

क्लबांकडे पैसा नव्हता म्हणावे, तर १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना चार कोटींहून अधिक प्रेक्षक आले होते. हे प्रेक्षक ज्यांना पाहायला येत, त्यांतले फिनी मैदानाबाहेर प्लंबिंगचे काम करत. वडिलांच्या आग्रहाखातर ते काम ते आधीच शिकले होते. ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाने नेली. लीगमधला पहिला सामना खेळले तेव्हा ते २४ वर्षांचे होते. १९५३ चे विजेतेपद केवळ गोलसरासरीवर आर्सेनलकडे गेले, तर १९५४ चा एफए कपचा अंतिम सामना प्रेस्टनने २-३ असा गमावला.

प्रेस्टनवर फिनी यांचा जीव होता, यात शंका नाही. डीपडेल मैदानाबाहेर आज त्यांचा पुतळा आहे: तुंबलेल्या पाण्यातून घसरत चेंडूमागे झेपावणारा, १९५६ च्या एका छायाचित्रावरून घडवलेला. पण ज्याला जाण्याची मोकळीकच नव्हती, त्याच्या राहण्याचे श्रेय क्लबने आणि लीगने आपल्या पदरात पाडून घेऊ नये.

जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची तयारी केली, तेव्हा कुठे जानेवारी १९६१ मध्ये पगाराची मर्यादा उठली. फुलहॅमने लगेच जॉनी हेन्स यांना आठवड्याला १०० पौंड दिले. फिनी यांना लीगमधला शेवटचा सामना खेळून तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. त्यांच्या निष्ठेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेबही सांगावा.