पाणघोडा म्हणा, हरकत नाही!

हॉस्टेलमध्ये प्रत्येकाला दोन नावं असतात. एक आई-वडिलांनी ठेवलेलं, ते हजेरीपुरतं. दुसरं विंगनं ठेवलेलं, ते जन्मभराचं. माझं दुसरं नाव पाणघोडा.

सेकंड इयरचा मे महिना. पेपर चालू, बाहेर ४३ डिग्री आणि त्यात लाईट गेलेली. नांदेडचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्यानं काढलाय त्याला सांगायची गरज नाही. दुपारी दोन वाजता मी हॉस्टेलमागच्या सिमेंटच्या हौदात बसून हीट ट्रान्सफर वाचत होतो. पुस्तक काठावर, डोळे आणि नाक पाण्याबाहेर, बाकी सगळा ऐवज पाण्यात. वजन तेव्हा ९४ किलो. रूममेट बादली घेऊन आला, क्षणभर बघत राहिला आणि ओरडला, "अबे, हे तर पाणघोडं हाय!" झालं. बारसं उरकलं.

आधी राग आला. मग वाटलं, ज्याच्या नावानं आपल्याला हाक मारतात तो प्राणी आहे तरी कसा, ते बघावं. सातवीच्या सहलीत हैदराबादच्या झूमध्ये तो पाहिला होता, म्हणजे त्याची फक्त पाठ पाहिली होती. सर म्हणाले "तो बघा पाणघोडा", आम्ही म्हणालो "कुठंय?", तेवढ्यात आमची रांग पुढं ढकलली गेली. यावेळी मात्र पेपर संपल्यावर सुट्टीभर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. आणि खरं सांगतो, आता मला कुणी पाणघोडा म्हटलं की मी वळून "ओ" देतो.

पहिली गंमत म्हणजे त्याच्या नावातला घोडा खोटा आहे. ग्रीकांनी त्याला नदीतला घोडा म्हटलं, आपणही तेच म्हणतो. पण त्याचा जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे देवमासा! दोघांचे पूर्वज साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असं मानतात. दुसरी गंमत, सगळा दिवस पाण्यात काढणाऱ्या या प्राण्याला नीट पोहता येत नाही. हाडं जड, शरीर घट्ट, त्यामुळे तो तरंगत नाही; तळावर पाय टेकत चालतो. पाचेक मिनिटं श्वास धरतो. झोपलेला असला तरी वर येतो, श्वास घेतो आणि परत खाली जातो, जाग न येता. (आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर हे तंत्र दोघांना जमतं.) आणि "ढब्बू आहे, हळू असेल" असं समजू नका. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास पळतो. २०२४ मध्ये ब्रिटनच्या संशोधकांनी व्हिडिओ एकेक फ्रेम करून तपासले, तर जोरात पळताना त्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून उचललेले दिसले. विंगमधल्या मंडळींनी नोंद घ्यावी.

मला सगळ्यात आवडली ती त्याची कातडी. दिसायला चिलखत, पण वरचा थर इतका नाजूक की उन्हात फार वेळ राहिला तर सुकते, भेगा पडतात. त्यावर त्याच्या अंगातून एक चिकट, लालसर द्रव पाझरतो. जुन्या लोकांना वाटायचं पाणघोड्याला रक्ताचा घाम येतो. तो घामही नाही आणि रक्तही नाही. २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्यातली लाल आणि नारिंगी रंगद्रव्यं वेगळी काढून त्यांची रचना दाखवली. ती ऊनही अडवतात आणि जंतूही रोखतात. म्हणजे सनस्क्रीन आणि मलम एकाच ट्यूबमध्ये! आम्ही केमिकलवाले चार वर्षं शिकून एवढं करू शकलो तर प्लेसमेंटची चिंता मिटेल. पण एवढं असूनही दिवसा त्याला पाणी लागतंच. बुडता येईल एवढं खोल, उन्हाळ्यातसुद्धा न आटणारं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो. पाणघोडा रात्री पाण्याबाहेर पडतो, काही किलोमीटर चालत जातो आणि ३०-४० किलो गवत खाऊन पहाटे परततो. चरताना प्रत्येकजण आपापला. गवतासाठी कुणी कुणाशी फारसं भांडत नाही. तोच नर पाण्यात आला की नदीचा आपला तुकडा राखतो, जबडा वासून दुसऱ्याला दरडावतो, वेळ पडली तर हातभर लांबीच्या सुळ्यांनी फाडतो. उन्हाळ्यात नदी आटून डोह तेवढे उरतात, सगळे एकाच डोहात कोंबले जातात, आणि मग मारामाऱ्या वाढतात. म्हणजे भांडण अन्नावरून नाही, पाण्यावरून.

हे वाचलं आणि मला एकदम लातूर आठवलं.

मी लातूरचा. २०१६ साली पाचवीत होतो. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करू नये म्हणून जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. आम्ही पोरं बघायला गेलो होतो. सगळ्यांना ती रेल्वे आठवते. मला आठवतो आमच्या गल्लीतला टँकर. ज्या काकू एरवी वाटीभर साखर मागितली तर डबा पुढं करायच्या, त्यांनी त्या दिवशी माझ्या आईची घागर पायानं बाजूला सारली. आईनंही मग मागं पुढं पाहिलं नाही. त्या दोघी नंतर वर्षभर बोलल्या नाहीत. घरात धान्य होतं, दोघींच्याही. भांडण पाण्यावरून.

आता तुम्ही म्हणाल, आफ्रिकेतल्या प्राण्याचा आणि मांजरेचा काय संबंध? मलाही तसंच वाटत होतं. पण मांजरेच्या आणि आपल्या गोदावरीच्या काठी जुन्या गाळाचे जे थर आहेत, त्यांत हत्ती आणि रानबैलांच्या हाडांबरोबर पाणघोड्याचेही अवशेष मिळाले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यावर काम केलं आहे. आपला पाणघोडा आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळा. त्याच्या वंशाचं नाव हेक्साप्रोटोडॉन, म्हणजे पुढचे सहा दात असलेला. फाल्कनर आणि कॉटली यांनी हे नाव १८३६ मध्ये शिवालिकच्या जीवाश्मांवरून दिलं. तो भारतात किती अलीकडेपर्यंत होता? २०१९ मध्ये एका भारतीय जीवाश्माचं थेट कार्बन-वय प्रसिद्ध झालं, ते निघालं साधारण १६ हजार वर्षं. तेव्हा इथं माणूस होता, दगडाची हत्यारं घेऊन हिंडत होता. म्हणजे आपल्या कुणातरी खापर-खापर-पणजोबांनी नदीवर पाणी प्यायला गेल्यावर समोर हा जबडा पाहिला असेल!

ज्या मांजरेत मी उन्हाळ्यात क्रिकेट खेळलो, त्या मांजरेच्या काठी कधीकाळी पाणघोडा होता. हे वाक्य मी आजोबांना वाचून दाखवलं. त्यांना पटलं नाही. "रेती तरी राहिलीय का आता तिथं?" एवढंच म्हणाले.

माझा सिव्हिलचा मित्र मात्र वाद घालायला तयारच बसला होता. "१६ हजार वर्षांपूर्वी ना धरण होतं ना बंधारा. तरी गेलाच ना तुझा पाणघोडा? मग आम्हा सिव्हिलवाल्यांच्या नावानं कशाला बोंबलतोस?" मुद्दा बरोबर आहे, आणि मी तो उडवून लावणार नाही. तो का गेला याबद्दल अभ्यासकांचा एक अंदाज असा: पाऊसमान बिघडलं, बारमाही पाण्याच्या जागा कमी झाल्या आणि एकमेकींपासून तुटल्या. या प्राण्याला एका वेळी एकच पिल्लू होतं, आठ महिन्यांच्या गर्भारपणानंतर. या डोहातले संपले तर त्या डोहातून येणार कसे? मधे कोरडं. त्यात माणसाची शिकार. सगळं मिळून हळूहळू संपला असेल.

माझं म्हणणं एवढंच, की देशात वर्षभरात पाऊस किती पडला हा आकडा पाणघोड्याच्या कामाचा नव्हता. त्याला हवं होतं मे महिन्यात, ठरावीक जागी, अंग बुडेल एवढं पाणी. आणि आपण मोजतो काय? टीएमसी. धरण किती टक्के भरलं, किती आवर्तनं मिळणार. नदीत मे महिन्यात काय उरलं, हे पेपरात कधी छापून येतं का?

आपलं कॉलेज कुठं उभं आहे बघा. शेजारी विष्णुपुरी प्रकल्प, उपसा सिंचनाच्या मोठ्या योजनांपैकी एक. त्याला नावं ठेवायला मी काही वेडा नाही. आमच्या घरीही दोन एकर ऊस आहे आणि माझी मेसची फी त्यातूनच येते. वर पैठणपासून खाली बाभळीपर्यंत बंधाऱ्यांची रांग आहे. बाभळीचे दरवाजे १ जुलैला उघडायचे, २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं, हे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलं. दोन राज्यांचा हिशेब त्यात आला, आणि यायलाच हवा. पण मासे, कासवं, काठची झाडं यांच्या नावावर त्या हिशेबात किती? मित्र म्हणतो, "नदीत सोडलेलं पाणी म्हणजे वाया गेलेलं पाणी." हे वाक्य आपल्याकडे पुढाऱ्यापासून पानटपरीपर्यंत सगळे म्हणतात, आणि मला ते साफ चुकीचं वाटतं.

का, ते पाणघोड्याच्या शेणावरून सांगतो. (जेवताना वाचत असाल तर पान उलटा.) केनियाच्या मारा नदीत सुमारे ४ हजार पाणघोडे आहेत. रात्री गवत खायचं, दिवसा नदीत शेण टाकायचं. ते शेपटीनं चौफेर उडवतात, शेजारच्याकडे न बघता. वाहत्या पाण्यात हे खतच असतं, त्यावर किडे, मासे जगतात. पण प्रवाह मंदावला की शेण डोहाच्या तळाशी साचतं, कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मग अचानक पाऊस होऊन लोंढा आला की ते काळं पाणी खाली ढकललं जातं आणि मासे तडफडून मरतात. २०१८ मध्ये संशोधकांनी हे मोजून दाखवलं. प्राणी तोच, शेण तेच. प्रवाह असला तर खत, नसला तर विष.

आता गोदावरीकडे बघा. पाणघोड्यांच्या जागी आपण आहोत, आणि ४ हजार नाही, लाखांत आहोत. एप्रिलमध्ये गोवर्धन घाटावर पाच मिनिटं उभं राहून दाखवा, मग "वाया गेलेलं पाणी" यावर बोलू. ट्रीटमेंट प्लँट हवेतच. पण नुसत्या प्लँटनं नदी वाहत नाही.

मित्र यावर म्हणाला, "आकडे आहेत का तुझ्याकडे?" नव्हते. इथं मी हरलो. आणि म्हणूनच या पानावरून माझी एक मागणी आहे. दरवर्षी आपल्याकडे कितीतरी फायनल इयर प्रोजेक्ट होतात, त्यातले निम्मे कुठून येतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, लिहीत नाही. त्याऐवजी चार-पाच जणांनी वर्षभर, दर आठवड्याला, एकदा काळेश्वरच्या काठावर आणि एकदा शहरातल्या घाटावर पाण्यातला ऑक्सिजन मोजावा. विंकलरची जुनी पद्धत, सेकंड इयरच्या पोराला जमते. बाटलीत बुडबुडा राहू न देता पाणी घ्यायचं, मॅंगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड जागेवरच टाकायचं. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर समजून जा. पुढचं टायट्रेशन लॅबमध्ये. माशांसाठी लिटरला ४ मिलिग्रॅम तरी हवा असं आपल्याकडचं मानक सांगतं. आकडे याच अंकात दरवर्षी एक पानभर छापावेत, कवितांचं एक पान कमी करून. (कवी मित्रांनो, माफ करा. माझीही एक त्यात जाईल.)

मागच्या रविवारी आम्ही तिघं काळेश्वरला गेलो होतो, जागा बघायला. पायऱ्यांच्या पलीकडे म्हशी पाण्यात बसल्या होत्या, नुसती नाकं आणि शिंगं वर. रूममेट म्हणाला, "हे बघ, तुझं खानदान." मी त्याला देवमाशाचं सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. पण पहिला नमुना त्यानंच घेतला, गुडघाभर पाण्यात उतरून. साका तपकिरी आला. घाटावरचा नमुना पुढच्या रविवारी. लॅब असिस्टंट काकांनी बाटल्या द्यायला हरकत नाही म्हटलंय, फक्त एखादी फुटली तर दंड कोणाच्या नावावर, ते अजून ठरायचं आहे.