वाटत नाही हो तुम्हांला!

दिवाळीत माणसे एकमेकांकडे जातात, फराळाचे ताट पुढे येते, आणि ताटातल्या पाच जिनसांबरोबर सहावी एक जिन्नस न मागता वाढली जाते. ती म्हणजे फुकटचे निदान. यजमानीणबाई करंजी पुढे करतात, पाहुणे हात आखडता घेतात आणि हळूच म्हणतात, "नको, मला शुगर आहे." की झाले! घरातली एकूण एक माणसे त्या पाहुण्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळू लागतात. मुलगी पाहायला आलेली मंडळीसुद्धा इतके निरखून पाहत नसतील. मग निकाल जाहीर होतो. पाहुणे अंगाने बारीक असले तर, "काहीतरीच काय! वाटत नाही हो तुम्हांला!" आणि अंगाने भरलेले असले तर तोंडाने कुणी काही बोलत नाही, पण नजरा एकमेकींना सांगतात, "वाटलंच होतं!"

आमच्या सोलापुरात हे वाक्य मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी अशा चारही भाषांत ऐकू येते. शुक्रवार पेठेतल्या एका घरातून दुसऱ्या घरात जाईपर्यंत भाषा बदलते, वाक्य तेच राहते. एरवी कशावरही एकमत न होणारी आम्ही माणसे या एका अडाणीपणावर मात्र एकदिलाने उभी आहोत, याबद्दल राष्ट्रीय एकात्मतेच्या पुरस्कर्त्यांनी आमचा जाहीर सत्कार करायला हरकत नाही!

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना शिकवणारा आणि कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पण चेहरा पाहून रक्तातली साखर सांगण्याची जी विद्या आपल्याकडे घरोघर चालू आहे ती खोटी आहे, आणि तिच्यापायी माणसे हातची जातात, एवढे सांगायला डॉक्टर असावे लागत नाही. डोळे उघडे ठेवले आणि चार पाने वाचली की पुरते.

मधुमेही म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो? सुटलेल्या पोटाचा, गादीवर लोडाला टेकलेला, पेढ्यांचा पुडा जवळ ठेवून बसलेला शेटजी. नाटकांनी आणि सिनेमांनी हा शेटजी आपल्या डोक्यात असा काही बसवला आहे की, तो उठायला तयार नाही. "श्रीमंतांचा रोग" हे बिरुदही त्यानेच या रोगाला मिळवून दिले. बरे, हे चित्र आपल्या पूर्वजांनी आपल्याला दिले म्हणावे, तर तेही खरे नाही. प्रमेहाचे जे प्रकार जुन्या वैद्यकाने सांगितले त्यांतच मधुमेह येतो. आणि चरकाने प्रमेहाचे रोगी स्वच्छ दोन तऱ्हांचे सांगून ठेवले आहेत. एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बळ. दोघांचे उपचारही त्याने निरनिराळे सांगितले. सुश्रुतानेही जन्मजात आणि अपथ्यातून आलेला असे दोन भेद केले. आयुर्वेदाचा अभिमान ऊठसूट मिरवणाऱ्या आपण लोकांनी त्यातला स्थूल तेवढा उचलला आणि कृश बिचारा पोथीतच ठेवून दिला!

परदेशात पाहावे, तर तिथेही हीच कथा. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरी लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तो काही लठ्ठ शेटजीचा मुलगा नव्हता. उपासमारीच्या पथ्याने नुसता हाडांचा सापळा उरलेला तो पोर होता. त्या काळातली, इन्सुलिनच्या आधीची आणि नंतरची म्हणून गाजलेली छायाचित्रे पाहा. त्यांत बरगड्या मोजून घ्याव्यात अशी लेकरे दिसतात. पोट सुटलेला माणूस त्यांत औषधालाही सापडत नाही.

आणि आता आपल्या घराजवळ या. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा प्रश्न जन्मभर धसास लावला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास त्यांनी १९९३ साली सुरू केला. इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची बाळे जन्मतः सुमारे साडेतीन किलो भरली, आपली भरली सुमारे २.७ किलो. पण गंमत अशी की, ही एवढीशी बाळे स्नायूंनी आणि हाडापेराने लहान असली, तरी त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून बारीक, आतून मेदयुक्त! पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांचे आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो आकडा असतो, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! दोघांचे सदरे एका मापाचे, पण कातडीच्या आत दोन निरनिराळ्या दुनिया. मेद जाऊन बसतो तो पोटाच्या आत, यकृताभोवती. तो आरशात दिसत नाही आणि शेजारणीच्या नजरेला तर मुळीच दिसत नाही. जे जगातल्या निष्णात डॉक्टरांना यंत्राने मोजावे लागते, ते आमच्या पेठेतल्या मावशी दारातूनच ओळखतात, याला काय म्हणावे?

"श्रीमंतांचा रोग" या बिरुदाचीही अशीच वासलात लागली आहे. देशातल्या १५ राज्यांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की, महाराष्ट्र, तामिळनाडू आणि चंडीगढ येथील शहरांत मधुमेहाचे प्रमाण सुखवस्तू थरापेक्षा गरीब थरात अधिक आहे. म्हणजे गादीवरचा शेटजी नव्हे, तर मागावर उभा राहणारा कामगार, सुपात पाने घेऊन विड्या वळणारी बाई. सोलापूरकरांनी तरी हे वाक्य दोनदा वाचावे.

माझ्या ओळखीचा एक यंत्रमाग कामगार होता. अंगाने काटकुळा, खाणे ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. वर्षभरात तो आणखी वाळला. कारखान्यातले सोबती म्हणाले, "गड्या, तब्येत कशी शिडशिडीत केलीस!" शेजारी म्हणाले, "आम्हांलाही सांग काय करतोस ते." तो बिचारा काय करत होता? रात्री चार वेळा उठत होता, तांब्याच्या तांब्या पाणी पीत होता, आणि त्याच्या अंगाला न लागलेली साखर लघवीवाटे वाहून जात होती. शरीर स्वतःलाच जाळत होते आणि लोक त्याचे अभिनंदन करत होते! एकानेही त्याला रक्त तपासून घे म्हटले नाही, कारण "शुगर असायला तू काय शेटजी आहेस?" शेवटी पायाला झालेली जखम दोन महिने भरेना तेव्हा तपासणी झाली. पायाचे एक बोट गेले. ते बोट रोगाने नेले, हे खरे. पण त्यातला अर्धा वाटा त्या शाबासक्यांचा होता.

पोटभर न मिळाल्यानेही मधुमेह होतो, असे कुणी सांगितले तर आपण हसू. परंतु लहानपणीच्या कुपोषणातून पुढे होणारा, कृश आणि तरुण माणसांना गाठणारा मधुमेह डॉक्टरांनी १९५५ सालीच जमैकात नोंदला होता. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९८५ साली आपल्या यादीत घेतला, १९९९ साली वगळला, आणि एवढा काळ लोटल्यावर २०२५ च्या एप्रिलात बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला "पाचवा प्रकार" म्हणून पुन्हा पंक्तीत बसवले. गरिबाच्या रोगालासुद्धा पाटावर जागा मिळायला सत्तर वर्षे लागतात!

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. लठ्ठ माणसाला "वाटलंच होतं" म्हणणारे शहाणे असतात, असेही नाही. वजनाने धोका वाढतो हे खरे आहे. पण कित्येक जाड माणसांची साखर जन्मभर ठीक असते, आणि ज्यांची बिघडते त्यांच्यामागे आईबापांकडून आलेला वारसाही असतो. लठ्ठ माणसाचा रोग ही त्याच्या जिभेची शिक्षा, असा न्यायनिवाडा करून आपण मोकळे होतो. परिणाम काय? तो माणूस चारचौघांत गोळी घ्यायची लाजतो, डॉक्टरांकडे जायचे टाळतो. शरमेने कुणाची साखर उतरल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

मुलांच्या बाबतीत तर आपल्या जिभेला हाडच राहत नाही. लहानपणी होणाऱ्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. त्याचा पेढ्यांशी संबंध नाही, लाडांशी नाही, आईच्या हाताशी नाही. अशा मुलाला इन्सुलिन रोज घ्यावेच लागते. ते अन्नपाण्याइतके आवश्यक आहे. आणि त्या आईला आपण विचारतो, "एवढीशी पोर, आणि हिला शुगर? फार गोड खाऊ घातलंत वाटतं!" एका शाळेत अशी एक मुलगी, निदान होण्यापूर्वी, सारखी सारखी लघवीला सुट्टी मागते म्हणून वर्गाबाहेर उभी केली गेली होती. चेहरा गोल, हसतमुख. आजारी "दिसत" नव्हती ना! दोन दिवसांनी ती बेशुद्धावस्थेत दवाखान्यात गेली. सुदैवाने वाचली. सारखी तहान, सारखी लघवी, झपाट्याने उतरणारे वजन, न्हाणवल्यासारखा ओला बिछाना, ही लक्षणे मास्तरांना पाठ असली पाहिजेत. पाढ्यांइतकी.

तीच मुलगी मोठी होते आणि तिच्या लग्नाचे निघते. आता या वाक्याचा खरा विषारी दात पाहा. दिवाणखान्यात "वाटत नाही हो तुम्हांला" ही स्तुती होती. लग्नाच्या बैठकीत तेच वाक्य आरोप होऊन येते: "वाटत तर नव्हतं. लपवून ठेवलंत आमच्यापासून!" ज्याने दिसत नाही म्हणून कौतुक केले, तोच दिसत नाही म्हणून फसवणूक ठरवतो. साहजिकच आईबाप घाबरून सांगत नाहीत. मुलगी सासरी जाते, आणि न्हाणीघराची कडी लावून चोरून सुई टोचून घेते. एखाद्या सणाच्या गर्दीत ती संधी मिळत नाही, दुसऱ्या दिवशीही मिळत नाही. आणि इन्सुलिन चुकले की रक्तात विषारी आम्ल साठून दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकते. रोग न दिसणारा असेल. पण त्याला लपवायला लावणारे आपण चांगले ढळढळीत दिसतो.

रस्त्यावरही डोळ्यांचा हाच न्याय. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर कधी एकदम खाली जाते. त्याला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते, तोल जातो. लोक म्हणतात, "चढलीय!" आणि बाजूला होतात. त्या वेळी चमचाभर साखर किंवा ग्लासभर सरबत त्याला वाचवू शकते. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही न घालता त्याला तडक दवाखान्यात न्यायचे. पण दारुड्याला साखर कोण देतो?

मंडळी म्हणतील, "अहो, आम्ही प्रेमाने बोलतो! चार शब्द बरे वाटावेत म्हणून." तुमचे प्रेम मला मान्य आहे. पण ज्या शब्दांनी समोरच्याला आपला रोग खरा असल्याचा पुरावा द्यावा लागतो, ते शब्द बरे कसे वाटतील? वासिम अक्रम वयाच्या तिशीत मधुमेही झाला आणि त्यानंतर १९९९ च्या विश्वचषकात पाकिस्तानचा कर्णधार म्हणून अंतिम सामन्यापर्यंत पोचला. नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्हला १९९७ साली मधुमेह निघाला, आणि २००० साली सिडनीला त्याने आपले पाचवे ऑलिंपिक सुवर्णपदक घेतले. त्यांच्या चेहऱ्यावरून तुम्ही काय ओळखले असते?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. इतक्या माणसांचा एक चेहरा असूच कसा शकेल? रोग रक्तात आहे, तो रक्तातच शोधावा लागतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून वर, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीत आकडा ६.५ किंवा त्याहून वर, आणि फेरतपासणीत तेच, म्हणजे मधुमेह. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून करण्याची योजना आहे. बोटाला टोचलेली एक सुई पुरते. ती मावशींच्या नजरेपेक्षा कमी दुखते.

तेव्हा या दिवाळीत कुणी हात आखडता घेऊन "शुगर आहे" म्हणाले, तर त्याच्या पोटाकडे पाहू नका, गालांकडे पाहू नका. "बरं, मग तुम्हांला काय देऊ?" एवढेच विचारा आणि तो सांगेल ते द्या. त्याला करंजी हवी असेल तर तीही द्या. हिशेब त्याचा त्याला ठाऊक असतो. आणि अंगाने बारीक आहोत म्हणून स्वतःकडे समाधानाने पाहणाऱ्या वाचकहो, भाऊबीज आटोपली की आपलेही रक्त एकदा तपासून घ्या. बरोबर मावशींनाही न्या.