‘शारदा’ जुनं झालं म्हणणाऱ्यांसाठी

‘संगीत शारदा’च्या पगड्या-लुगडी काढा, हातात मोबाईल द्या, आजचं करून टाका, असं कुणी म्हटलं की माझं डोकं उठतं.

अहो, आधी नाटक वाचा तरी! देवलांनी ते १८९९ साली रंगभूमीवर आणलं. कांचनभट पैशासाठी पोटची पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघालाय. कोदंड ते लग्न मोडतो, पण कशाच्या जोरावर? नवरा-नवरी सगोत्र निघाले म्हणून! पोरीचं वय, तिची इच्छा, काहीच कामाला येत नाही. कारण ब्रिटिश मुलखात तेव्हा लग्नाच्या किमान वयाचा कायदाच नव्हता. तो झाला १९२९ ला, मुलीला १४ वर्षं. (तो ‘सारडा कायदा’ हरबिलास सारडांच्या नावाचा. आपल्या शारदेचा नव्हे.)

आता हे नाटक आजच्या बारामतीत आणा. कोदंडाला गोत्र कशाला पाहिजे? १०९८ ला फोन लावला की झालं. म्हणजे शेवटच गेला! काळ काढला की या नाटकाचा कणाच मोडतो.

आणि आजचंच दाखवायचं असेल तर बारामती-इंदापूरच्या उसाच्या फडात या. तोडीला जोडप्याचा एक कोयता धरतात, म्हणून कित्येक पोरींची लग्नं अठराच्या आत उरकलेली असतात. कायदा असून! तेव्हा शारदेला कायदा नव्हता, आज कायदा आहे आणि गाव गप्प आहे. हा फरक प्रेक्षकाला टोचायचा असेल तर शारदा तिच्याच काळात उभी करा.

फडातल्या पोरीचं नाटक नवं लिहा की! देवलांनी त्यांच्या काळाचं लिहिलं. तुम्हाला कुणी अडवलंय?