वीकएंडला वाइन, व्हाया उमापूर

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. पार्टीत ग्लास दांड्याला धरून गोल गोल फिरवणारा, नाक आत खुपसून डोळे मिटणारा आणि मग ‘हं... ओकी!’ असं जाहीर करणारा. ओकी म्हणजे ओकच्या लाकडी पिंपाचा वास आलेली. मराठी माणसाला भलतंच काही आठवतं, पण विचारणार कोण?

तर मंडळी, तुम्हीही न विचारणाऱ्यांतले असाल तर हा कॉलम तुमच्यासाठी. यंदा फेब्रुवारीत आमच्या चौघांच्या ग्रुपने पहिली वाइन ट्रिप केली. फ्रान्सला नव्हे हो, नाशिकला! मुंबईहून 170 आणि पुण्याहून 210 किलोमीटरच्या आसपास. राजीव समंत अमेरिकेतली ऑरॅकलची नोकरी सोडून परतले, त्यांनी गंगापूर धरणाजवळ द्राक्षं लावली आणि 2000 मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. 2005 मध्ये तिथे टेस्टिंग रूम सुरू झाली आणि वाइन प्यायला गावाबाहेर जायचं असतं, हे आपल्याला कळलं.

पहिला प्रश्न, कधी जायचं? जानेवारीअखेर ते मार्च. युरोपात द्राक्षं सप्टेंबरच्या सुमाराला तोडतात, आपल्याकडे तेव्हा पाऊस. म्हणून इथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि थंडी ओसरता ओसरता तोडणी. पावसाळ्यात फोटो झकास येतात, पण वेलीवर नुसती पानं. जायच्या आधी ड्राय डे तेवढे बघून घ्या. 26 जानेवारीचा लाँग वीकएंड दिसतो छान, पण त्या दिवशी ग्लास कोरडाच!

दुसरं, हावरटपणा नको. दिवसाला दोन वायनरी पुरे. गंगापूरच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा जवळजवळ आहेत. इगतपुरीच्या बाजूला व्हॅलोने आणि ग्रोव्हर झम्पा. एक बाजू शनिवारी, दुसरी रविवारी. सीझनमध्ये वीकएंडचं टेस्टिंग आणि मुक्काम आधी बुक करा. आणि नाशिकची मिसळ? खायचीच, पण टेस्टिंग उरकल्यावर. तर्री चाखलेल्या जिभेला शनॅ ब्लाँ आणि लिंबू सरबत सारखंच.

टेस्टिंगमध्ये घोट-दोन घोटच ओततात. आधी स्पार्कलिंग, मग व्हाइट, रोझे, रेड आणि शेवटी गोड डेझर्ट वाइन. आवडली नाही तर समोरच्या भांड्यात ओतून द्या, कोणी हसत नाही. मध्ये मध्ये पाणी प्या. पुस्तकी ‘नोट्स’ पाठ करण्यापेक्षा घरचे वास आठवा. सोव्हिन्यों ब्लाँला हिरव्या मिरचीचा वास येतो, शिराझला मिरपुडीचा. आणि ते टॅनिन टॅनिन म्हणतात ना, ते म्हणजे तुरट जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी कोरडी पडते तसं. झालं! एवढ्यावर पहिली ट्रिप आरामात निभावते.

राहिला गाडी कोण चालवणार हा प्रश्न. टेस्टिंग म्हणून घोट घोट घेतलेलीही पोटात जातेच, तेव्हा पिणाऱ्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ड्रायव्हरसकट गाडी करा, नाहीतर आमच्यासारखा एखादा दादा शोधा.

माझं गाव उमापूर. बीड जिल्हा, गेवराई तालुका. ट्रिपचं कळल्यावर काकू म्हणाली, “दारूच्या कारखान्यात कुणी सहलीला जातंय का गं माय?” तिची चूक नाही. जानेवारी 2022 मध्ये सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायची परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात हाच वाद पेटला होता. चुलतभाऊ मात्र म्हणाला, “मी येतो. मला बाग बघायचीय.” दादा माळकरी, त्यामुळे आमच्या ड्रायव्हिंगची चिंताच मिटली!

आम्ही ग्लास फिरवत होतो, तेव्हा दादा बागेत. खायच्या द्राक्षांसारखा मांडव नाही, वेली तारांना उभ्या बांधलेल्या. मणी बारीक, जाड सालीचे, आत बिया. ठिबकच्या नळ्या त्याने वाकून वाकून पाहिल्या. मग वर बाल्कनीत आला आणि समोरच्या गंगापूर धरणाकडे बघत म्हणाला, “हे पाणी खाली आपल्याकडंच येतंय की.”

खरंच की! ही गोदावरी. हीच पुढे पैठणला जायकवाडीत अडते आणि तिथला उजवा कालवा शेवगाव-गेवराईतून माजलगावकडे जातो. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा 2005 चा, पण 2015, 2018, 2023 मध्ये वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली तेव्हा दर वेळी नाशिक-नगर एकीकडे आणि मराठवाडा दुसरीकडे. माझ्या हातातल्या ग्लासकडे मी जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं, हे खरं.

पण मग वाटलं, ठिबकवरची ही वेल उसापेक्षा किती तरी कमी पाणी पिते. आणि कालव्याच्या आमच्या टोकाला काय उभं आहे? ऊसच. दादाचाही. मी म्हटलं, “मग तूच लाव की ही द्राक्षं.” तो म्हणाला, “ऊस कारखाना नेतो. हे कंपनीनं घेतलं नाही तर बाजारात कोण खाणार?”

हा प्रश्न हवेतला नाही. 2009 च्या आसपास मंदीत वायनऱ्यांनी खरेदी आखडती घेतली, तेव्हा नाशिकच्याच कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या होत्या. तेव्हा वायनरीची टूर घ्याल, तर गाइडला पिंपं किती लिटरची हे जरूर विचारा, पण द्राक्षं स्वतःच्या बागेतली की करारावरच्या शेतकऱ्यांची आणि भाव कशावर ठरतो, हेही विचारा. आमच्या गाइडने चांगली दहा मिनिटं समजावलं. भावात साखरेचं प्रमाण, म्हणजे ब्रिक्स, बघतात म्हणे. उसाच्या माणसाला साखरेचं गणित लगेच कळतं, दादाने सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

परतताना आम्ही दोन बाटल्या घेतल्या, दादाने रस्त्यावरच्या टपरीवरून पाच किलो खायची द्राक्षं. उमापूरहून रात्री काकूचा फोन आला. द्राक्षं गोड निघाली होती. “ह्याचीच करतात का गं ती?” तिने हळूच विचारलं.